काळा तुकडा

चिलीचा नकाशा खाली खाली निमुळता होत जातो,
तिथे कुठेतरी सान एलाद्यो. चाळीस खाटांचं इस्पितळ,
दारात मासळीचा वास, मागे टेकडी.
आणि मी, गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड,
राजधानीतून सराव घ्यायला आलेली बाई.

दहाला भोंगा वाजला.
म्हणजे स्वयंपाक्याच्या पोराने पातेलं बडवलं,
खरा भोंगा मार्चपासून दुरुस्तीला गेलेला.
भूकंप आठ पूर्णांक दोन, कागदावर.
लाट बावीस मिनिटांवर, कागदावर.
रक्त बिटाचं.

गळ्यात अडकवायचे रंगीत तुकडे मीच वाटले:
हिरवा म्हणजे तुझा तू चाल,
पिवळा म्हणजे थोडं थांब,
तांबडा म्हणजे आधी हा,
काळा म्हणजे पुढे जा, थांबू नकोस.
हे शेवटचं शिकवायला मला दर गावी
जास्त वेळ लागतो.

काळा निबाल्दोने मागून घेतला.
धुलाईघरातला माणूस, वय एकसष्ट.
"कंबर धरलीय बाई, निदान गवतावर पडून राहीन."
मी बजावलं, काहीही झालं तरी मेलेला बोलत नाही.
तो बरं म्हणाला, तोंडावर टोपी ठेवली,
आणि मेला.

सहाव्या मिनिटाला यास्ना पहिली खाट ढकलत
मागच्या दाराशी पोचली. त्या दारातूनच टेकडीची वाट.
दाराला कुलूप.
किल्ली कुणाकडे?
निबाल्दोकडे.
निबाल्दो कुठाय?
मेलाय की.

सगळे हसले.
मग कुणीच हसलं नाही.

डॉक्टर ओयार्सोनी दाराला लाथ घातली, लंगडत मागे आले.
पहार आणा. पहार कोठीत.
कोठीची किल्ली त्याच जुडग्यात.
मी घड्याळ थांबवलं नाही. थांबवायचं नसतं.
खाटांमागे खाटा लागत गेल्या,
खोटे जखमी खऱ्या थंडीने कुडकुडू लागले.
गवतावर निबाल्दोच्या बुटात
अंगठा हलताना मी पाहिला.
त्याला सगळं ऐकू येत होतं.
पण शब्द म्हणजे शब्द.

अकरा मिनिटं.

मग एदुविना आली. फरशी पुसणारी.
तिला मी कुठलंच काम दिलं नव्हतं,
यादीत तिच्यापुढे फक्त 'प्रेक्षक'.
ती गवतावर गुडघे टेकून बसली,
पुटपुटली, "माफ कर रे,"
आणि मेलेल्याच्या खिशात हात घातला.
पेपरमिंटची गोळी. बसचं तिकीट. मळका रुमाल.
सात किल्ल्यांचं जुडगं.

दार उघडलं. लाट केव्हाच येऊन गेली होती.

जेवताना निबाल्दोच्या गळ्यात तुकडा तसाच,
सूपमध्ये बुडत होता. पोरं त्याला भुताच्या नावाने हाका मारत होती.
मी एदुविनाला विचारलं,
कुणाला सुचलं नाही ते तुला कसं सुचलं?
तिने पाव मोडला.
"नवऱ्याला होडीतून आणला तेव्हा
घराची किल्ली त्याच्याच खिशात होती.
लेकरं आत होती."
मग म्हणाली, मीठ द्या जरा.

माझ्या तक्त्यात सतरा रकाने आहेत.
हे कुठेच बसेना.
अहवालात मी लिहिलं: किल्ली एकाच माणसाकडे. सुधारणा आवश्यक.

संध्याकाळी निबाल्दो दाराशेजारी खिळा ठोकत होता,
एक हात कमरेवर.
"पुढल्या वर्षी मला हिरवा द्या," म्हणाला,
"पडून राहणं फार अवघड काम आहे."

रात्री मी तिथेच पाहुण्यांच्या खोलीत होते.
तीनच्या सुमाराला बारीकसा हादरा आला,
ग्लासातलं पाणी थरथरलं, बस तेवढंच.
अशा हादऱ्यांना इथे कुणी कूसही बदलत नाही, असं ऐकलं होतं.
मी अनवाणी बाहेर आले.
ओसरीतला दिवा हलत होता,
खिळ्यावरची किल्ली दाराच्या लाकडावर
टिक, टिक, हळू होत चाललेली.

आणि एदुविना, ओल्या फडक्यासकट,
माझ्या आधीच तिथे उभी होती,
कडीवर हात ठेवून.